केकवॉकची राणी : आयडा ओव्हरटन वॉकर

लंडनमध्ये राहत असाल तर शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरून तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. त्या रस्त्यावर सोहोचं अग्निशमन केंद्र आहे. त्या जागी पूर्वी एक नाट्यगृह होतं, जुनं शाफ्ट्सबरी थिएटर. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, बॉम्बहल्ल्यात ते गेलं. आज त्या नावाचं जे थिएटर आहे ते वेगळं. या जुन्या थिएटरात 1903 च्या मे महिन्यात अमेरिकेहून एक नाटक कंपनी आली. नाटकाचं नाव 'इन दाहोमी'. दाहोमी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला आजचा बेनिन देश. कंपनीतले सगळे कलाकार कृष्णवर्णीय होते, आणि त्यांत तेवीस वर्षांची एक नर्तकी होती. आज तिची गोष्ट ऐकूया.

तिचं नाव एडा ओव्हरटन. पुढे तिने नावात थोडा बदल करून ते 'आयडा' केलं. जन्म 1880 चा, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. ती न्यूयॉर्कमध्ये वाढली आणि लहान वयातच सिसिरेटा जोन्स या नामवंत गायिकेच्या कंपनीत नाचू लागली. 1898 च्या सुमारास एका तंबाखू कंपनीच्या जाहिरातीसाठी छायाचित्र काढायचं होतं. तिथे तिची गाठ बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या विनोदी नटांच्या जोडीशी पडली. पुढच्याच वर्षी तिने जॉर्जशी लग्न केलं आणि या दोघांच्या कंपनीचे नाच तीच बसवू लागली.

आता त्या काळच्या रंगभूमीबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेत अनेक दशकं गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत. आळशी, चोरटा, खुळा, असं ते पात्र. प्रेक्षक पोट धरून हसत. पुढे खऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांना रंगमंचावर जागा मिळाली, पण लोकांना तेच पात्र हवं होतं. बर्ट विल्यम्ससारख्या थोर नटालाही स्वतःच्या चेहऱ्यावर काजळी लावूनच उभं राहावं लागे. दोन कृष्णवर्णीयांमधला साधा प्रेमप्रसंगही गोऱ्या प्रेक्षकांना खपत नसे. आयडाने या गोष्टीबद्दल त्या काळातच जाहीरपणे तक्रार केली होती.

तिचं नाव झालं ते 'केकवॉक' या नाचामुळे. या नाचाची जन्मकथा मोठी गमतीची आहे, बरं का. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम लोक मालकांच्या मेजवान्या पाहत. ती ताठ मान, ते वाकून केलेले नमस्कार, हातात हात घालून केलेली ती मिरवणूक. मग हे लोक त्याचीच हुबेहूब नक्कल करत नाचायचे. सर्वांत छान चालणाऱ्या जोडीला बक्षीस म्हणून केक मिळे, म्हणून हा केकवॉक. मालक बघून खूश व्हायचे. आपलीच थट्टा चालली आहे हे कित्येकांच्या ध्यानातही येत नसे!

पुढे काजळी फासलेल्या गोऱ्या नटांनी हाच नाच उचलला आणि त्याचे वेडेवाकडे चाळे करून टाकले. म्हणजे बघा, थट्टेचीच थट्टा झाली. आयडाने हे चाळे काढून टाकले. तिचा केकवॉक डौलदार असे. पाठीचा कणा मागे झुकलेला, पावलं हलकी, चेहऱ्यावर प्रसन्नपणा. लोक नाच बघायला येत तो गंमत म्हणून, आणि त्यांच्यासमोर उभी राही एक रुबाबदार बाई.

'इन दाहोमी' 18 फेब्रुवारी 1903 रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं, संगीत दिलेलं आणि सादर केलेलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात येण्याची ती पहिलीच वेळ. दंगल होईल की काय, अशी धास्ती वर्तमानपत्रांतून व्यक्त झाली होती. दंगल काही झाली नाही.

मग नाटक लंडनला आलं आणि शाफ्ट्सबरी थिएटरात सुमारे सात महिने चाललं. 23 जून 1903 रोजी कंपनीला थेट बकिंगहॅम पॅलेसमध्ये बोलावणं आलं. त्या दिवशी छोट्या राजपुत्र एडवर्डचा नववा वाढदिवस होता. हाच राजपुत्र पुढे आठवा एडवर्ड झाला आणि त्याने गादी सोडली. राजवाड्याच्या हिरवळीवर केकवॉक झाला, आणि उच्चभ्रू घरांतल्या बायका आयडाकडे तो शिकायला येऊ लागल्या. मालकांच्या चालीची नक्कल म्हणून जो नाच जन्मला, तो आता तसल्याच थोरामोठ्यांना एका गुलामांच्या वंशातली मुलगी शिकवत होती, आणि तीही मानधन घेऊन!

आयडाला रंगभूमी हा इभ्रतीचा पेशा व्हायला हवा होता. नाटकात जाणाऱ्या मुलीकडे समाज कसा बघतो, हे आपल्या मराठी माणसांना वेगळं सांगायला नको. 1905 साली तिने एका मासिकात लेख लिहिला. वर्णद्वेष कमी करायचं काम रंगभूमीइतकं दुसरा कुठलाही पेशा करत नाही, असं तिने ठामपणे मांडलं. चांगल्या घरच्या मुलींनी या क्षेत्रात यावं, पण नीट शिकून, कष्ट करून यावं, असं तिचं म्हणणं होतं. गरीब नोकरदार मुलींसाठी चालणाऱ्या एका वसतिगृहाकरता तिने निधीही उभा केला.

1909 मध्ये जॉर्ज गंभीर आजारी पडला. 'बँडाना लँड' या नाटकाचे प्रयोग चालू होते. आयडाने नवऱ्याचा सूट चढवला, त्याची हॅट घातली आणि त्याचं गाजलेलं गाणं स्वतः सादर करू लागली. त्याच काळात आपल्याकडे बालगंधर्व लुगडं नेसून नायिका उभी करत होते, आणि तिकडे ही बाई पुरुषाच्या वेषात कंपनी सांभाळत होती. 1911 च्या जानेवारीत जॉर्ज गेला. आयडा थांबली नाही. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित थिएटरात तिने 'सालोमी'चा नाच एकटीने केला. इतर नर्तकी तो नाच अगदी तोकड्या कपड्यांत करत, आयडाने मात्र संयत वेष निवडला. 11 ऑक्टोबर 1914 रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने ती गेली. वय अवघं चौतीस.

आयडाने प्रेक्षकांना हवं ते दिलंच नाही, असं नाही. पोट त्यावरच होतं. त्यांनी केकवॉक मागितला, तिने केकवॉकच केला. फक्त तो कसा करायचा, हे तिने स्वतः ठरवलं.

आपल्या मुलांनाही इथल्या शाळांमधून बोलावणं येतं, 'तुमच्याकडचं काहीतरी करून दाखवा' म्हणून. कधी लेझीम असते, कधी कोळीनृत्य, कधी लावणी. बघणाऱ्यांना रंगीत कपडे आणि थोडी मजा हवी असते, आणि त्यात वाईट काही नाही. पण पावलं शिकवताना ती कुठून आली, ती कोण नाचत होतं, त्या लोकांच्या वाट्याला काय आलं, हेही मुलांना सांगा. एवढं ठाऊक असलेलं मूल मंचावर वेगळं उभं राहतं. समोरच्यांना कारण कळलं नाही, तरी फरक दिसतोच.

आज इथेच थांबते. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.