जाहिरातीचं शेवटचं पान

संशोधन विद्यापीठाची भरतीची जाहिरात आली की आपण पहिलं पान वाचतो. प्राध्यापक किती, सहयोगी किती. मी आज शेवटच्या पानाबद्दल बोलणार आहे. फिटर, टर्नर, ग्लास ब्लोअर, प्रयोगशाळा सहायक. पदसंख्या एक, फार तर दोन. आणि खाली ठरलेली अट: अनुभव आवश्यक. आता जिथं तिथं अनुभवच मागतात, तर पोरानं तो मिळवायचा कुठं?

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात हाइके कामरलिंग ओनेस 1882 साली प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण उलट्या बाजूनं आली. वायू थंड करून द्रवरूप करायचे, तर त्यासाठीची यंत्रं बाजारात तयार नव्हती आणि ती घडवणारे हातही पुरेसे नव्हते. गृहस्थांनी कार्यशाळेतच मुलं शिकवायला घेतली आणि 1901 साली त्या शिक्षणासाठी रीतसर संस्था उभी केली. कामाच्या निळ्या कपड्यांमुळे या मुलांना ‘निळी पोरं’ म्हणत.

त्याचं फळ 10 जुलै 1908 रोजी दिसलं. हेलियम द्रवरूप करायचा होता, तापमान उणे 269 अंश सेल्सिअस. मधोमध हेलियमचं काचपात्र, त्याभोवती द्रव हायड्रोजनचं, त्याभोवती द्रव हवेचं आणि सर्वांत बाहेर अल्कोहोलचं. एवढ्या काचांतून आतलं दिसायलाही हवं, आणि एकही तडकता कामा नये! काच फुंकणारे ऑस्कर केसेलरिंग, यंत्र सांभाळणारे गेरिट यान फ्लिम. पहाटे सुरू झालेलं काम संध्याकाळी फळाला आलं. द्रव हेलियम मिळाला तो अर्ध्या कपाएवढा.

1911 साली पाऱ्याची अतिवाहकता, म्हणजे अतिथंड अवस्थेत विजेला होणारा विरोध नाहीसा होणं, सापडली, तेव्हाही यंत्राशी फ्लिम होतेच. शोधनिबंधावर नाव एकट्या ओनेसांचं. वाड्यावर नाव मालकाचं असतं, गवंड्याचं नाही, हे आपल्याला नवं नाही.

आपल्याजवळचं बघा. नारायणगावाजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. पण ती जाळी, मोटारी, दातेरी चाकं उन्हापावसात सांभाळतं कोण? शेवटच्या पानावरची माणसं.

भाभा अणुसंशोधन केंद्र विद्यावेतन देऊन आयटीआयच्या मुलांना शिकवून घेतं. विद्यापीठांत मात्र जुना टर्नर निवृत्त झाला की अनेकदा जागा गोठवतात किंवा वर्षाच्या कंत्राटावर भरतात. त्यानं तीस वर्षांत हाताशी जमवलेलं कसब कुणाला दाखवायचं? त्याच्या लेथशेजारी तेव्हा कुणी उभंच नसतं.