पडीक माळाचा धनी कोण?

(कसबा पेठेंत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



कसब्यासारख्या दाट वस्तींत, जेथें दोन घरांच्या भिंतींमधून मांजरालाही वाट काढावी लागते, तेथें माळरानाची आणि लांडग्या-हरणांची गोष्ट सांगावयास आम्ही उभे राहिलों याचें पुष्कळांस नवल वाटेल. तांबट आळींत ठोक्यांच्या आवाजांत वाढलेला मनुष्य म्हणेल, आमचा माळाशीं संबंध काय? पण आपणांपैकीं कितीजणांचें नांव आजही बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदर इकडच्या सातबाऱ्यावर आहे, तें घरीं जाऊन पाहावें. आजा पोट भरावयास पुण्यांत आला, चाकावर किंवा ऐरणीपुढें बसला, आणि गांवची चार एकर माळजमीन चुलत्यांच्या नांवांबरोबर तशीच राहिली. तिथें काय पिकतें म्हणून विचारलें तर उत्तर येतें, “कांहीं नाहीं, पडीक आहे.” हा ‘पडीक’ शब्दच आमचा आजचा विषय आहे.

ही आपली पेठ तरी एके काळीं काय होती? सन १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला. पुढें जिजाऊसाहेब बाळराजांस घेऊन येथें आल्या, आणि सोन्याचा नांगर धरल्याची कथा तर पाळण्यांतल्या पोराला ठाऊक आहे. त्या कथेच्या शेजारीं बखरींत आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कोणी सांगत नाहीं. मुलूख ओस पडल्यामुळें लांडगे माजले होते, आणि लांडगा मारणाऱ्या मावळ्यास इनाम दिलें जाई. त्या वेळीं माणूस थोडा आणि लांडगा फार. माणूस जगवावयाचा तर लांडगा मारणें प्राप्तच होतें. त्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. आतां पारडें उलटें झालें आहे. सारा देश धुंडाळला तरी लांडगे तीन हजारांच्या आसपास भरतात, आणि त्यांतले कांहीं अजून आपल्याच जिल्ह्यांतल्या माळांवर आहेत. नांगरानें पुणें वसविलें हें खरें, पण म्हणून जेथें जेथें माती दिसेल तेथें तेथें नांगर घालावा असें त्यावरून निघत नाहीं.

माळ म्हणजे काय, हें ज्यानें मेंढरें राखलीं त्याला विचारा. सुपें, इंदापूर इकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. माती वीतभर, खालीं मुरूम. अशा जागेवर देवानें म्हणा, सृष्टीनें म्हणा, झाड न लावतां गवत लावलें, तें विचार करूनच. शेडा, पवन्या, मारवेल हीं त्यांतलीं कसदार गवतें. तीं दुभत्या जनावराच्या अंगीं लागतात आणि मुळांनीं माती धरून ठेवतात. पण तीं गुरांना आवडतात हाच त्यांचा घात. आषाढांत कोंब दिसला न दिसला तोंच सारीं गुरें त्यावर सोडलीं कीं चांगलें गवत बीं धरण्याआधींच संपतें, आणि ज्याला गुरूं तोंड लावीत नाहीं तें कुसळ तेवढें मागें राहतें. दहा वर्षें असें चाललें कीं माळ नुसता कुसळांचा होतो. मग आपण म्हणतों, जमिनीचा कस गेला. कस पावसानें नेला नाहीं, आपल्या उतावळेपणानें नेला.

उपाय कांहीं विलायतेहून आणावयाचा नाहीं. गांवच्या गायरानाचे तीन-चार भाग पाडावे, त्यांतला एक भाग पावसाळाभर राखावा, दसरा-दिवाळीच्या सुमारास गवताचें बीं गळून पडूं द्यावें, मग विळ्यानें कापून न्यावें. कापलेलें गवत ज्याच्या त्याच्या घरीं जातें. मोकाट चरलेलें गवत ज्याचीं गुरें फार त्याच्याच पोटांत जातें. पुढच्या सालीं दुसरा भाग राखावा. उन्हाळ्यांत वणवा लागूं नये म्हणून कडेनें पट्टा साफ ठेवावा. नगर जिल्ह्यांतल्या हिवरे बाजार गांवानें सन १९९० च्या आसपासपासून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखविली. तें कांहीं राजेरजवाड्यांचें गांव नव्हे. दुष्काळानें अर्धें गांव मजुरीस बाहेर गेलेलें. त्याच गांवानें आणखी एक ठराव केला, त्याकडे कसबेकरांनीं नीट कान द्यावा: गांवची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाहीं. पाणी अडविलें, गवत राखिलें, आणि त्याचें फळ खावयास पुढची पिढी जमिनीवर असावी याचीही तजवीज केली.

आतां जनावरांकडे वळूं. राखलेल्या माळावर चिंकारा येतो, खोकड येतें, चंडोल जमिनीवर घरटें करितो, आणि चिंकाऱ्यामागें लांडगा येतो. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, सन १९९७ चें, अवघें ५.१४ चौरस किलोमीटर. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी, सन १९८० चें, अवघें २.१७ चौरस किलोमीटर; तेथें काळवीट राखिले. एवढ्याशा जागेंत हरीण टिकतें, पण तें हद्द ओळखत नाहीं. रात्रीं तें शेजारच्या ज्वारींत उतरतें, आणि ती ज्वारी कोणा शेठजीची नसते.

येथेंच खरें दुखणें आहे. हरीण पाहून शहरचा मनुष्य टाळ्या वाजवितो आणि त्याचें खाणें मात्र कोरडवाहू कुणबी घालतो. लांडगा वाचला म्हणून वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें आणि मेंढरूं जातें धनगराचें. कांहीं धनगर म्हणतात कीं कळपांत लांडग्याचाही वांटा असतो. हें त्यांचें मोठें मन. पण गरिबाच्या मोठ्या मनावर साऱ्या देशाचें रान राखावयाचें हा कोठला न्याय?

जोतीराव फुले यांनीं हें सन १८८३ मध्येंच ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत मांडलें. जंगलखात्यानें डोंगर, दऱ्या आणि गांवचीं गायरानें गिळल्यामुळें गरिबाला एक शेळी बाळगणें कठीण झालें, ही त्यांची फिर्याद आपणांस ठाऊक आहे. परंतु त्यांनीं आणखी एक मागणी केली, तिची आठवण फार थोड्यांस असते. सरकारनें शेतकऱ्याचें हत्यार काढून घेतलें. तर रानडुकरांनीं शेत खाल्ल्यास तें नुकसान पोलीसखात्याच्या वरिष्ठांच्या पगारांतून नाहीं तर सरकारी खजिन्यांतून भरून द्यावें, असा कायदा करा, असें त्यांचें म्हणणें. हत्यार तुमच्या हातीं तर जबाबदारीही तुमच्या माथीं, असा सरळ हिशेब! आज रानटी जनावरानें पीक खाल्लें, लांडग्यानें मेंढरूं मारलें, तर वनखात्याकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. ती मागावी, लाजूं नये. मेलेलें जनावर जागेवरून न हलवितां ताबडतोब वनरक्षकास कळवावें आणि पंचनामा करवून घ्यावा. पुष्कळांची भरपाई बुडते ती याच एका कारणानें.

शिकारीविषयींही दोन शब्द बोलणें भाग आहे. कोणी म्हणतील, पूर्वींचे राजे शिकार करीत तरी रान भरलेलें असे, तें कसें? याचें उत्तर कोल्हापुरांत आहे. तेथें दरबारीं चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवीत. देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हां आफ्रिकेंतून आणविले. दाजीपूरचें रान दरबारच्या शिकारीसाठीं राखीव होतें, आणि राखीव होतें म्हणूनच तेथें गवा उरला. सन १९५८ मध्यें तेंच अभयारण्य ठरलें, आज राधानगरी अभयारण्य म्हणून तें ३५१ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ज्याला उद्यां पुन्हा शिकार पाहिजे तो आज रान राखतो. पण हें राखणें एकट्या राजाच्या हौसेचें होतें. त्या काळच्या शिकारींत हाका घालणारा गरीब, मार खाणारा गरीब, आणि फोटोंत मात्र बंदूकवाला, ही गोष्ट संस्थानोसंस्थानीं सारखीच. संस्थानें गेलीं, बंदुका आणि जीपगाड्या उरल्या, तेव्हां उघड्या माळावरचीं जनावरें पाहतां पाहतां संपलीं. सन १९५२ मध्यें चित्ता देशांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. सन १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद केली, ती आम्हांस योग्यच वाटते.

परदेशांत दुसरी रीत आहे, ती समजून घ्यावी. अमेरिकेंतल्या टेक्सस प्रांतांत बहुतेक जमीन खाजगी. तेथला गुरें पाळणारा जमीनदार शिकाऱ्याकडून पैसे घेऊन त्यास रानांत येऊं देतो, आणि हरणासाठीं गवत शिल्लक राहावें म्हणून आपलींच गुरें कमी ठेवतो. त्या देशानें सन १९३७ मध्यें कायदा करून बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा रानच्या जनावरांसाठीं लाविला. आफ्रिकेंतल्या नामिबिया देशानें सन १९९६ मध्यें गांवकऱ्यांच्या संघांस रानच्या जनावरांवर हक्क दिले; शिकारी आणि प्रवासी यांचें उत्पन्न त्या संघांस मिळतें. सन २०२२ मध्यें कुनोच्या रानांत सोडलेले पहिले चित्ते त्याच देशाचे. आम्हांस त्यांच्या बंदुका नकोत. पण जनावर जगलें तर जमीनवाल्याच्या घरीं चार पैसे यावे, हें त्यांचें तत्त्व मात्र आम्हीं चित्त्यांबरोबर आणलें नाहीं!

हें तत्त्व सोडलें कीं काय होतें तें नान्नजनें दाखविलें. माळढोक पक्ष्यासाठीं सन १९७९ मध्यें सोलापूर-नगरकडे ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य कागदावर आंखलें. त्यांत गांवें, शेतें, विहिरी, सारें आलें. कोणास विचारलें? कोणासही नाहीं. शेतकऱ्यास जमिनीच्या व्यवहारांत अडचणी, आणि माळढोकाच्या नांवानें कपाळावर आठी. तिकडे पाणी आलें, ऊंस आला, माळ नांगरला गेला. पुढें अभयारण्य कापून १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें, पण तोंवर पक्षी फारच थोडे उरले होते. आज माळढोक साऱ्या देशांत दोनशेंहून कमी, आणि ते बहुतेक राजस्थानांत. रानाच्या धन्याला वगळून रान राखावयास गेलें कीं अशी गत.

आपल्या जिल्ह्यांत सन २०२४ मध्यें इंदापूरच्या कडबनवाडीस आणि बारामतीच्या शिरसुफळास माळरान दाखविण्याची सफर सुरू झाली, आणि वाट दाखवावयास गांवचींच पोरें घेतलीं. आरंभ लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. मात्र त्यांतलें उत्पन्न ग्रामसभेपुढें हिशेबानें मांडलें जावें आणि मेंढपाळाचीही त्यांत गणना व्हावी. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें फिरत्या मेंढपाळांचा चराईचा हक्क मान्य केला आहे. दिवाळीनंतर कोंकणांत उतरणारा आणि वाटेनें शेतकऱ्याच्या रानांत मेंढरें बसवून खत देणारा धनगर हा माळाचा शत्रु नव्हे. माळाचे शत्रु दुसरे आहेत. कोंबड्यांच्या कारखान्यांतली घाण माळावर आणून टाकणारा हा एक. त्या घाणीवर कुत्र्यांच्या झुंडी पोसतात, त्या चिंकाऱ्याचीं पाडसें फाडतात, रोग पसरवितात, आणि पुण्याभोंवतीं लांडग्यांत कुत्र्याचें रक्त मिसळल्याचेंही शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. दुसरा, झाडें लावण्याचा आंकडा पुरा करण्यासाठीं चांगल्या गवतांत चर खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणारा अंमलदार. झाड ही चांगलीच वस्तु, पण देव्हाऱ्यांत चूल मांडीत नाहींत. आणि तिसरा, पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारून गुंठे विकणारा.

गायरानाविषयीं बोलतांना एक गोष्ट सोडून दिली तर आम्ही अप्रामाणिक ठरूं. ज्यांना इंचभर जमीन नव्हती, त्या भूमिहीनांसाठीं दादासाहेब गायकवाडांनीं सन १९५९ आणि १९६४ मध्यें सत्याग्रह केले. हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. त्यांनीं पोटासाठीं कसलेल्या तुकड्याला आणि पुढाऱ्यानें बळकावलेल्या वीस एकरांना एका तागडींत घालूं नये. सुप्रीम कोर्टानें सन २०११ मध्यें जगपाल सिंग खटल्यांत गांवाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणें काढण्यास सांगितलें, तेव्हां त्यानेंही भूमिहीन आणि दलित-आदिवासी यांना सरकारनें दिलेल्या जमिनींसारखीं प्रकरणें निराळीं धरलीं. पण गांवांत नोटीस निघते तेव्हां प्रथम कोणाच्या खोपटावर निघते, तें आपण सर्व जाणतों.

तर आतां कसब्यांतल्या घरांचें काम सांगतों. गांवच्या माळजमिनीस गिऱ्हाईक आलें म्हणजे घरांतले सारे भाऊ एकत्र होतात. एरवीं लग्नालाही होत नाहींत! त्या बैठकींत बहिणींनाही बोलवा, त्यांचेंही नांव सातबाऱ्यावर आहे. विकणेंच भाग असेल, पोरीचें शिक्षण असेल, दुखणें असेल, तर आधीं भावकींत आणि गांवांत विचारा. विकणें भाग नसेल तर ती जमीन गवतासाठीं सालानें द्या. कोणास किती मेंढरें चारूं द्यावयाचीं आणि कोणते महिने बंद ठेवावयाचे, तें कागदावर लिहून घ्या. बांधावरची बोरी-बाभळ तोडूं नका, तारेचें कुंपण घालूं नका; हरीण त्यांत अडकून मरतें आणि लांडग्यालाही वाट राहत नाहीं. नातवांना एकदां पहाटे तिथें घेऊन जा.

पाऊस पडण्याआधीं बहुतेक गांवांत ग्रामसभा होईल. गायरानाचा कोणता भाग यंदा राखावयाचा, हा विषय त्या सभेच्या कागदावर यावा म्हणून ज्यांचीं नांवें अजून गांवच्या मतदारयादींत आहेत त्यांनीं सरपंचाकडे आठवडाभर आधीं लेखी अर्ज द्यावा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोंच घ्यावी.