आकाशातील गोटे आणि आपली दुर्बीण

(शताब्दी महोत्सवातील भाषणाचा लेखी पाठ)



मराठीच्या प्राध्यापकाने दुर्बिणीविषयी बोलावे, हा काहीसा अनधिकारच होय. परंतु शताब्दीच्या निधीतून वाचनालयासाठी एक मोठी दुर्बीण घ्यावी आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह पांढुर्णा-सौंसरच्या आकाशात शोधावेत, अशी सूचना तरुण सभासदांनी मांडली आहे. सूचना स्तुत्य आहे. ती माळ्यावरच्या अडगळीत संपू नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार चालते. समोरून येणारा गोटा ज्याला वेळेवर दिसतो तो वाचतो, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. आकाशातील गोट्यांचा न्याय निराळा नाही. जे लघुग्रह आपल्या भ्रमणात सूर्यापासून सुमारे साडेएकोणीस कोटी किलोमीटरांच्या आत येतात, त्यांना पृथ्वीसमीप म्हणतात. असे ३५,००० हून अधिक आजवर सापडले आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. पण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच एका आघाताची खूण आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरांचा पाषाण हवेतच फुटला आणि दीड हजारांच्या आसपास माणसे, बहुतांशी फुटलेल्या काचांनी, जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता.

आता एक कटू सत्य प्रथमच सांगून टाकतो. नवे लघुग्रह आज मुख्यतः हवाई बेटांवरील पॅन-स्टार्ससारख्या १.८ मीटर आरशाच्या, आपोआप छायाचित्रे घेणाऱ्या दुर्बिणींना सापडतात. आपल्या गच्चीवरील दुर्बिणीतून डोळ्याने नवा लघुग्रह शोधण्याची आशा बाळगू नये. मात्र ज्ञात लघुग्रह जवळून जात असता त्याला गाठणे, तो ताऱ्यांतून सरकताना पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे आपल्या आवाक्यातले आहे. लघुग्रह दिसतो ताऱ्यासारखाच, एक ठिपका. तो ओळखू येतो केवळ त्याच्या चालीवरून. म्हणून पहिले उपकरण तारकानकाशा, दुसरे नोंदवही. दुर्बिणीचा क्रम त्यानंतरचा.

हे शहाणपण मला ठेच लागून आले. वीसेक वर्षांपूर्वी मुलासाठी एका शहरातील दुकानातून ६० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण आणली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४५० पट’ असे छापले होते. तिची तिपाई इतकी लेचीपेची की वाऱ्याची झुळूक आली तरी चंद्र थरथरे. महिन्याभरात मुलाचा उत्साह मावळला. दोष मुलाचा नव्हता. भिंगाचा व्यास मिलिमीटरांत जितका, त्याच्या दुपटीपलीकडचे वर्धन सहसा निरुपयोगी असते, हा साधा हिशेब त्याच्या बापाला ठाऊक नव्हता. ६० मिलिमीटरांना १२० पट ही मर्यादा. पुढे प्रतिमा मोठी होते आणि धूसरही.

म्हणून माझी पहिली शिफारस द्विनेत्रीची, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहावयाच्या दुर्बिणीची. तिच्यावरील १०×५० याचा अर्थ दहापट वर्धन आणि ५० मिलिमीटरांचे भिंग. असे भिंग अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. पन्नाशीनंतर बाहुली अंधारातही पूर्वीइतकी विस्फारत नाही. त्यामुळे ७×५० पेक्षा १०×५० आम्हां वडीलधाऱ्यांना अधिक मानवते. अभ्यासाला वेस्टा घ्यावा. तो पृथ्वीसमीप नव्हे, मंगळ-गुरूंमधल्या पट्ट्यातला. पण अनुकूल काळी द्विनेत्रीत सहज सापडतो. तीन-चार रात्री त्याचे स्थान वहीत टिपले की त्याची चाल लक्षात येते.

हा सराव झाल्यावर १५० किंवा २०० मिलिमीटर आरशाची, डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरील दुर्बीण घ्यावी. तिची बैठक साधी आणि स्थिर असते, आणि पैसा आरशावर खर्च होतो. २०० मिलिमीटरांचा आरसा द्विनेत्रीच्या एका भिंगाच्या सोळापट प्रकाश गोळा करतो. १ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे ७० लाख किलोमीटरांवरून गेलेला फ्लोरेन्स लहान दुर्बिणींतूनही दिसण्याजोगा होता. आपल्याकडे मात्र ते दिवस पावसाळ्याचे. त्याच ओलसर दिवसांत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा उपकरण सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये. दृष्टी क्षणात जाते.

कोणता लघुग्रह कधी आणि कोठे दिसेल, हे नासाच्या होरायझन्स सेवेत आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश देऊन विनामूल्य कळते. नव्या शोधाची ज्यांना ओढ आहे, त्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मोहिमा पॅन-स्टार्सची छायाचित्रे संगणकावर तपासावयास देतात. तेथे दुर्बीण लागत नाही, चिकाटी लागते. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेतला हौशी निरीक्षक आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. त्याचेही बळ रोजच्या निरीक्षणात होते.

माझी विनंती अशी. निधीतून एक मोठी, कुलपात राहणारी दुर्बीण घेण्याऐवजी प्रथम चार द्विनेत्री आणि तारकानकाशे घ्यावेत, आणि ग्रंथांप्रमाणेच ते देवघेवीत घालावेत. सभासदाने आठवड्यासाठी घरी न्यावे, शेतावर न्यावे, संत्र्याच्या बागेपलीकडील अंधारात पाहावे आणि परत करताना वहीत नोंद करावी. डॉब्सन दुर्बीण त्या वहीची पाने भरल्यावर घ्यावी.

१३ एप्रिल २०२९ च्या रात्री अपोफिस हा ३५० मीटरांच्या आसपासचा लघुग्रह भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरांवरून जाईल. त्यापासून निदान शंभर वर्षे धोका नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ तारखेचे पहाटेचे सव्वातीन झाले असतील आणि तो आपल्या क्षितिजाखाली गेलेला असेल. पण त्याआधीच्या तासांत, आकाश निरभ्र असल्यास, द्विनेत्री घेऊन बसलेल्याला तो सरकताना दिसावा. त्या रात्री या गावांत तो ओळखणारी शंभर माणसे असावीत, ही इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.