निकामी डिस्कसंच आणि माहितीचा पुनर्लाभ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एके काळी पेढीचा आणि संस्थेचा सारा कारभार लाल कापडाच्या बांधणीतील चोपड्यांत असे. चोपडी भिजली, तिला वाळवी लागली, तरी काही पाने उरत. अर्धी ओळ वाचून उरलेल्या अर्ध्या ओळीचा मेळ जाणता मुनीम घालू शके. संगणकावरील नोंदींचा प्रकार निराळा आहे. काल सायंकाळपर्यंत सर्व काही हाताशी असते आणि आज सकाळी पडद्यावर एकच ओळ उमटते, ती म्हणजे डिस्कसंच निकामी झाल्याची. वीस वर्षांची खाती, दवाखान्यातील रुग्णांचे अहवाल, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, छायाचित्रकाराचा आयुष्यभराचा संग्रह असे सारे एका क्षणात दिसेनासे होते. अशा वेळी ती माहिती खरोखरच नष्ट झालेली असते काय? पुष्कळ वेळा ती नष्ट झालेली नसते. ती डिस्कवर जशीच्या तशी असते. तिचे तुकडे कोणत्या क्रमाने जुळवायचे, एवढेच यंत्राला उमगेनासे झालेले असते. ती परत मिळणार की कायमची जाणार, हे पुढील काही तासांत मनुष्य काय करतो आणि काय करीत नाही, यावर बरेचसे अवलंबून असते. आजच्या विवेचनाचा हाच गाभा आहे.

प्रथम हे संच का जन्मास आले ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिच्या साठवण-यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे डिस्क लहान आणि स्वस्त होत गेल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध सादर केला. एका अवाढव्य आणि महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिले. तथापि त्यात एक अडचण होती. एक डिस्क सरासरी जितका काळ टिकते, त्याच्या शंभराव्या हिश्श्यातच शंभर डिस्कच्या संचातील पहिली डिस्क दगा देण्याचा संभव असतो. म्हणून संचात थोडी अधिक जागा ठेवून, एक डिस्क गेली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढता यावा, अशी तजवीज करणे भाग होते.

ही तजवीज साध्या अंकगणिताने समजते. तीन खणांत सात, पाच आणि आठ हे आकडे आहेत आणि चौथ्या खणात त्यांची बेरीज वीस लिहून ठेवली आहे. दुसरा खण पुसला गेला, तर विसातून सात आणि आठ वजा करावेत. हरवलेला पाच पुन्हा हाती येतो. यंत्र बेरजेऐवजी एकक मोजते. ठरावीक जागी सर्व डिस्कवर मिळून १ हा अंक सम वेळा आला की विषम वेळा, एवढेच ते नोंदवते. या नोंदीस ‘पॅरिटी’ म्हणतात. रेड ५ या रचनेत ही नोंद एका डिस्कवर न साठवता आळीपाळीने सर्व डिस्कवर वाटलेली असते आणि एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी निभावते. रेड १ मध्ये एका डिस्कची हुबेहूब जोडप्रत दुसरीवर असते. रेड ० मध्ये मात्र केवळ वेगासाठी तुकडे वाटलेले असतात. तेथे एक डिस्क गेली की तिच्यावरील भाग भरून काढणारे कोणी नसते.

इतकी व्यवस्था असूनही संच कोलमडतो कसा? नेहमीचा घटनाक्रम असा असतो. एक डिस्क गळून पडते. संच लंगडत का होईना, चालूच राहतो. पेटीवरचा हिरवा दिवा तांबडा होतो. परंतु पेटी असते जिन्याखालच्या कपाटात आणि तिकडे कोणी फिरकत नाही. काही महिन्यांनी दुसरी डिस्क अडखळते आणि मग सारे एकदम थांबते. शिवाय सर्व डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्यांनी एकच उष्णता आणि विजेचे तेच धक्के सोसलेले असतात. त्यामुळे त्यांचे आजारपणही मागेपुढेच येते. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांनुसार वर्षाला शंभरात जेमतेम एक डिस्क बदलावी लागावयास हवी होती. प्रत्यक्षात हे प्रमाण सामान्यतः दोन ते चार आणि काही ठिकाणी तेरापर्यंत आढळले. बिघाड परस्परांपासून अलिप्त नसतात, हेही त्या अभ्यासात दिसून आले.

दुसरा धोका दुरुस्तीतच दडलेला आहे. नवी डिस्क बसवली की यंत्र तिच्यावरील मजकूर पुन्हा बांधू लागते आणि त्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचावा लागतो. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात, दहाचा चौदावा घात इतके अंक वाचताना न वाचता येणारी एखादी जागा निघू शकते, अशी मर्यादा दिलेली असते. हे परिमाण साडेबारा टेराबाइट होते. व्यवहारात डिस्क याहून बऱ्या निघतात. परंतु आज एकेका डिस्कचीच क्षमता या आकड्याच्या पुढे गेली आहे. महिनोन्महिने न वाचलेल्या कोपऱ्यातील व्रण नेमका याच वेळी उघडा पडतो आणि दुसरी डिस्क बाद होते.

आता मुख्य प्रश्न उरतो. संच थांबला, तर काय करावे? पहिले पथ्य असे, की त्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहिले जाऊ देऊ नये. घाबरलेला मनुष्य नेमके याच्या उलट वागतो. तो डिस्क काढतो आणि दुसऱ्याच खणात बसवतो. पडद्यावर ‘नवीन संच तयार करा’ असा पर्याय दिसताच होकार देतो. धारिकांची रचना दुरुस्त करणारी आज्ञा चालवतो. किंवा बळेच पुनर्बांधणी सुरू करतो. यातील प्रत्येक कृती डिस्कवर काही ना काही लिहिते. क्रम चुकीचा धरून पुनर्बांधणी झाली, तर यंत्र चुकीच्या गणिताचे उत्तर खऱ्या मजकुरावर लिहून टाकते. मूळ बिघाडातून जे सहज परत आले असते, ते या उपचारानंतर येत नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा.

म्हणून आधी यंत्र बंद करावे. कोणती डिस्क कोणत्या खणात होती, हे प्रत्येकीवर चिठ्ठी लावून लिहावे. पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घ्यावे. कोणती डिस्क केव्हा गळली, हे नोंदवहीत पाहावे. एखादी डिस्क टकटक असा आवाज करीत असेल, तर तिला पुन्हा वीज देऊ नये. चकतीच्या पृष्ठापासून वाचणाऱ्या शीर्षाचे अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरते. शीर्ष घासू लागले, तर प्रत्येक फेऱ्यागणिक लेप खरवडला जातो. अशी डिस्क धूलिरहित कक्ष असलेल्या कार्यशाळेतच उघडावी लागते.

दुसरी पायरी प्रतिकृतीची. प्रत्येक डिस्कची, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत, स्वतंत्र प्रत नव्या डिस्कवर घेतली जाते आणि पुढील सारे काम प्रतींवरच चालते. या कामी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ ही विनामूल्य प्रणाली बरीच वापरात आहे. ती आधी निरोगी भाग भराभर उचलते, दुखरे भाग बाजूला ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. कोठे यश आले व कोठे नाही, याचा नकाशाही जपते. या नकाशाचे मोल मोठे आहे. समजा, दोन डिस्क सदोष ठरवून यंत्राने संचच बंद केला. परंतु प्रती घेतल्यावर असे दिसते, की एकीत काही जागा वाचता येत नाहीत आणि दुसरीत तितक्याच, पण निराळ्या जागा. जेथे पहिली मुकी आहे तेथे दुसरी बोलते, आणि जेथे दुसरी मुकी आहे तेथे पहिली. प्रत्येक ओळीपुरती एकच डिस्क अनुपस्थित असल्याने पॅरिटीचे गणित तेथे सुटते. यंत्राने मृत ठरवलेला संच अशा रीतीने संपूर्णही परत मिळू शकतो.

तिसरी पायरी क्रम शोधण्याची. चार डिस्क चोवीस प्रकारे मांडता येतात, आठ डिस्क चाळीस हजार तीनशे वीस प्रकारे. त्यात भर म्हणून एकेका तुकड्याचा आकार, मजकूर सुरू होण्याची जागा आणि पॅरिटी फिरण्याची दिशाही ठरवावी लागते. जाणकार त्यासाठी खुणा शोधतो. दिनांकवार लिहिली गेलेली एखादी लांब नोंदवही कोणत्या डिस्कवर तुटते आणि कोणत्या डिस्कवर पुढे चालू होते, हे पाहिले की क्रम उलगडू लागतो. याच वेळी आणखी एक सापळा टाळावा लागतो. सर्वांत आधी गळलेली डिस्क अनेकदा उत्तम चालते, पण तिच्यावरील मजकूर गळल्या दिवसापासून शिळा असतो. ती नव्यांत मिसळली, तर जुन्या आणि ताज्या नोंदींची खिचडी होते. लिनक्सच्या संचात प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा एक मोजणी-अंक असतो; ज्या डिस्कचा अंक फार मागे पडला आहे, तिला दूर ठेवावे.

जुळणी केवळ वाचनापुरती करावी आणि मग पडताळा घ्यावा. येथे अननुभवी मनुष्य फसतो. दोन-चार लहान पत्रे उघडली की तो समाधान मानतो. परंतु एका तुकड्याहून लहान असलेली धारिका एकाच डिस्कवर मावत असल्याने क्रम चुकलेला असतानाही उघडू शकते. म्हणून मोठे छायाचित्र उघडून पाहावे. क्रम चुकला असेल, तर वरची पट्टी स्वच्छ दिसते आणि त्याखाली रंगांचा चिखल होतो. मोठ्या धारिका अखेरपर्यंत शुद्ध उघडल्या, तरच जुळणी खरी मानावी.

हे केवळ लहान कार्यालयांपुरते आहे, असे समजू नये. ऑस्ट्रेलियाच्या करविभागाचा प्रचंड साठवणसंच १२ डिसेंबर २०१६ रोजी कोलमडला. सुमारे आठशे डिस्कपैकी बाराच बिघडल्या होत्या. तरीही विभागाची बहुतेक सर्व कामे ठप्प झाली. प्रकाशतंतूंच्या केबली नीट बसवलेल्या नव्हत्या, असे पुढील चौकशीत आढळले. धोक्याच्या सूचना यंत्राने आधीच्या महिन्यांत दिल्या होत्या. सर्वांत बोधप्रद गोष्ट ही, की संच पूर्ववत करण्यासाठी लागणारी काही साधने त्याच संचावर ठेवलेली होती. पेटीची किल्ली पेटीतच राहिली होती. तरीही करदात्यांची माहिती अखेरीस परत मिळाली, याचे श्रेय अन्यत्र ठेवलेल्या प्रतींना आणि धीराने केलेल्या कामाला आहे.

जेथे अशी प्रतच नसते, तेथे कोणतेही कौशल्य चालत नाही. दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहितीकेंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या धारिका साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टेराबाइटची यंत्रणा तीत भस्मसात झाली आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. जळालेल्या चकत्यांवर पॅरिटीचे गणित लागू पडत नाही. डिस्कसंच एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो. आग, पूर, चोरी, खंडणीखोर विषाणू आणि चुकून पुसणारा हात यांपासून नाही. संच असणे आणि सुरक्षित प्रत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तेव्हा ज्यांच्या हाती कोणत्याही संस्थेच्या नोंदी आहेत, त्यांनी चार नेम पाळावेत. पेटीवरचे दिवे आठवड्यातून एकदा पाहावेत आणि बिघाडाची सूचना एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर जाईल, अशी व्यवस्था करावी. सर्व डिस्कचे संपूर्ण वाचन महिन्यातून एकदा यंत्राकडून करवून घ्यावे, म्हणजे दडलेले व्रण वेळेवर दिसतात. संचाचा आकार, डिस्कचा क्रम आणि मजकूर कुलूपबंद असल्यास त्याची गुरुकिल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. ती हरवली, तर संच जुळूनही अक्षर वाचता येणार नाही. आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवून वर्षातून एकदा तरी ती उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय सर्वत्र आहे. तरीही कधी संच थांबलाच, तर कपाटापाशी धावणाऱ्या प्रत्येकाने इतके स्मरावे, की माहिती बहुधा अजून तेथेच आहे आणि तिला सर्वांत मोठे भय आपल्याच घाईचे आहे. हात आवरावा, वीज बंद करावी, चिठ्ठ्या लावाव्यात, प्रती घ्याव्यात. उरलेले काम गणित आणि धीर ही दोघे मिळून करतात.