नाणेसंग्रह आणि चोराचे भय
(साक्री येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे शिक्षण जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेले. विद्वत्तेचे काही सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि एक विषय आम्ही चांगली जबर फी भरून शिकलो आहोत, व तो आपल्यातील पुष्कळ घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे उभे आहोत.

आपल्या समाजात नाणेसंग्रह हा शब्द कोणी वापरीत नाही. पण जुनी नाणी नाहीत असे घर विरळा. लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया असतो, आजीच्या पेटीत फडक्यात बांधलेल्या शिवराया असतात. आमच्या घरी आजोबांपासून आलेले ६४ रुपये होते. त्यांत काही चांदवडी होते, म्हणजे होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीत पडलेले. राज्य मराठ्यांचे आणि नाण्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे, हा चमत्कार आम्ही चौथीच्या मुलांस दरवर्षी नाणे हातात देऊन दाखवीत असू. बाकीचे इंग्रजी अमदानीचे होते. शिवाय तांब्याचे चाळीसेक नग होते, त्यांची आम्ही कधी मोजदादही केली नव्हती.

सन २००९ च्या प्रजासत्ताकदिनी आम्ही या नाण्यांचे प्रदर्शन मांडले. गावातील शेकडो माणसे पाहून गेली. "गुरुजी, एवढे जोखमीचे धन ठेवता कोठे?" असे जो विचारील त्यास आम्ही मोठ्या ऐटीने सांगत होतो, "घरीच, कपाटात!" त्याच वर्षी श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी सारे कुटुंब मूळ गावी गेले. भाऊबंद जमले होते, दोन रात्री मुक्काम पडला. परत येऊन पाहतो तो कडी उचकटलेली, कपाट उघडे आणि पेटी नाहीशी.

आता जे सांगावयाचे ते सांगताना मान खाली जाते. गावाबाहेर तेव्हा भटक्या लोकांची चार पाले उतरली होती. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे बोट दाखविले आणि आम्हीही दाखविले. पुरावा काही नव्हता. चौकशी झाली, पालांतील भांडीकुंडी उलटीपालटी झाली, काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी ती माणसे निघून गेली. पाच-सहा महिन्यांनी खरा चोर सापडला. तो आमच्याच गावचा होता आणि प्रदर्शनास येऊन गेलेला होता.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, हे आम्ही वर्गात शिकविलेले. शिकविणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. याच साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यास भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ माणसांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस आपली २००९ सालची ती बोटे आठवली. घराचे रक्षण करावयाचे म्हणून परक्या माणसाचा संशय घेत बसणे हा पापाचा भाग तर आहेच, पण रक्षणाच्या दृष्टीनेही व्यर्थ आहे. बर्लिन शहरातील बोडे संग्रहालयातून मार्च २०१७ मध्ये १०० किलो वजनाचे सोन्याचे नाणे चोरीस गेले. चोर शिडीने चढले आणि नाणे हातगाडीवरून घेऊन गेले. पुढे जे दोषी ठरले त्यांत त्या संग्रहालयाचाच एक पहारेकरी होता. नाणे अद्याप मिळालेले नाही. जर्मनीत काय अन् साक्रीत काय, चोर येतो तो माहिती घेऊन येतो. आमच्या घरची माहिती तर आम्हीच वाटली होती.

हल्ली ती वाटण्याची सोय फार झाली आहे. आखाजीला माहेरी निघालेल्या लेकी, लग्नाला निघालेले कुटुंब, सर्वांची छायाचित्रे गाडीत बसल्याबरोबर मोबाइलवरून गावभर जातात. घराला कुलूप आहे, ही दवंडीच ती.

चोर सापडला तेव्हा आम्हांस ठाण्यात बोलावणे आले. मुद्देमालात चांदीची एक लगड होती आणि न वितळलेले ३ रुपये होते. साहेबांनी सभ्यपणे विचारले, "गुरुजी, हे रुपये तुमचेच कशावरून?" आम्ही आयुष्यभर मुलांस 'कारणे द्या' असे प्रश्न घातले, त्या दिवशी आम्हांस एक कारण देता आले नाही. असे रुपये लाखोंनी पडले. आमच्याजवळ ना यादी, ना वजन, ना छायाचित्र. आणि लगडीत तर शाह आलमही नव्हता आणि चांदवडही नव्हते. चोराला चांदीचा भाव कळतो. १९३९ सालचा रुपया अत्यंत दुर्मिळ, १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, हे त्याच्या गावी नसते. सारे एकाच मुशीत जाते.

तांब्याची नाणी मात्र त्याने निरुपयोगी म्हणून एका बांधावर टाकून दिली होती. बाजरीच्या कापणीत ती एका मजूर बाईस सापडली. ती पदरात बांधून आमच्या दारी घेऊन आली. पालांतल्या माणसांविषयी आम्ही काय बोललो होतो, हे तिच्या कानी आले असेल काय, हा विचार आजही छळतो.

असो. आता उपायांविषयी. कुलूप चांगले असावे, पण भिस्त त्यावर नसावी. कपाट, देवघर आणि धान्याची कोठी, येथे चोर प्रथम पाहतो. छोटी तिजोरी भिंतीत वा जमिनीत पक्की बसविली नसेल तर ती तशीच उचलून नेतात. जे मोलाचे असेल ते बँकेच्या लॉकरात ठेवावे. मात्र तेथेही एक गोष्ट ध्यानी असावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग अथवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे; भाडे १५०० असेल तर दीड लाख. घराचा विमा उतरविताना नाण्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा, नाहीतर भरपाईच्या वेळी वाद निघतो.

परंतु या सर्वांहून वहीचे काम मोठे. प्रत्येक नाण्यास क्रमांक द्यावा. वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी पट्टी ठेवून घ्यावीत आणि विशेषतः त्याचे व्यंग लिहावे. कोठे ठोका बसला आहे, कोठे कड झिजली आहे, ठसा कोणत्या अंगास सरकला आहे. माणसाची ओळख जशी तीळ-व्रणांवरून पटते तशीच नाण्याची पटते. जुना इंग्रजी रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा, आपला झिजून किती उरला आहे हा आकडा लिहिलेला असावा. खूण म्हणून नाण्यावर नाव मात्र कोरू नये. आणि माताभगिनींस विनंती, दिवाळीला चिंच लावून ती घासू नयेत. चकाकी येते आणि अक्षरे जातात.

एवढी गुप्तता पाळावयाची तर घरातही कोणास सांगू नये काय? नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली जमिनीत १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला. शत्रूचे राज्य बुडविल्याची ग्वाही नाण्यांनी दिली, इतिहासाचे भले झाले. पण ज्याने ती पुरली त्याच्या घरच्यांचे काय? त्याने चोरापासून धन असे राखले की ते वारसांपासूनही राखले गेले. वडील गेल्यावर पेटी उघडून सारे सराफाच्या काट्यावर घालणारे पुत्र आपल्यातही आहेत. त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांस कोणी काही सांगितलेलेच नसते.

आम्ही आमच्या सूनबाईस सांगितले आहे. उरलेल्या तांब्याच्या नाण्यांत पुढे थोडी भर पडली. त्या सर्वांची वही तिनेच केली, छायाचित्रे तिनेच घेतली. वहीची एक प्रत तिच्या माहेरी ठेवली आहे. नाणी कोठे ठेवली आहेत, हे मात्र या भरल्या सभेत विचारू नये.