टॅपेट-कव्हरची गळती

जिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, त्या अ‍ॅम्बॅसडर मोटारीच्या जुन्या १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनावर पत्र्याचें एक झांकण असतें. कारागीर त्यास टॅपेट-कव्हर म्हणतात. तें अवघ्या दोन नटांनीं बसविलेलें असून त्याच्या कडेखालीं बुचाचें पॅकिंग असतें. तेथून तेल पाझरूं लागलें कीं, मालक पाना घेऊन नट आवळूं लागतो. आणि येथेंच घात होतो! अति आवळल्यानें बूच चिरडतें, पत्र्याची कड वांकते व गळती दुणावते. तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळावर पडल्यास धूर निघतो. प्रसंगीं आगहि लागते.

यास्तव एंजिन निवाल्यावर झांकण काढावें. जुनें बूच खरवडावें. मात्र तुकडे आंत पडूं देऊं नयेत. कड सपाट कांचेवर ठेवून पाहावी. वांकली असल्यास लांकडी हातोडीनें हळूच सरळ करावी. नवें पॅकिंग झांकणासच चिकटवावें. एंजिनाकडील बाजूस चिकटा लावूं नये, म्हणजे पुढें झांकण काढतांना पॅकिंग फाटत नाहीं. नटांखालील रबरी चकत्या नव्या घालाव्या. नंतर दोन्ही नट आळीपाळीनें थोडथोडे आवळावे. चार पौंड-फूट एवढा जोर पुरे. एंजिन तापवून कड पुसून पाहावी. तरीहि ओल दिसल्यास नट अधिक न आवळतां झांकण पुन्हां काढावें व कड तपासावी.