भट्टीचे जोते
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "परसातल्या भट्टीविषयी तुम्हीच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करायची सवय नाही. पण पहिली कुदळ पडली तेव्हापासून शेवटची वीट बसेपर्यंत मी त्या कामावर उभी होते, म्हणून हे धाडस करते आहे.

भट्टी पाहायला जी येते ती घुमटाचे कौतुक करते. किती गोल, किती गुळगुळीत! करावेच. पण मी आज घुमटाविषयी फारसे बोलणार नाही. त्याच्या खाली जे आहे, ज्याला आपण जोते म्हणू, त्याविषयी बोलणार आहे. मंडळाचे निम्म्याहून अधिक पैसे त्या खालच्या भागात गेले, आणि भांडणेही सगळी त्याच्यावरूनच झाली.

भट्टी हवीच कशाला होती, हे आधी सांगते. नव्या सुनांना ठाऊक नसेल. दिवाळीच्या आठवडाभर आधी आपण मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेत असू. तिथेच परातीत मळायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून गप्पा मारायच्या. नानखटाई घरची, भट्टी त्यांची. पुढे बेकरी विजेच्या ओव्हनवर गेली आणि घरचे पत्रे घेणे बंद झाले. त्यांचेही काही चुकले असे मी म्हणणार नाही. लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस भरत आलेच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितले, हे आपण वर्तमानपत्रात वाचले.

पण आपल्यातल्या एक भगिनी दिवाळीच्या नानखटाईवर मुलांच्या वर्षाच्या फीची तरतूद करीत. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. त्या वर्षी त्यांनी आलेल्या सगळ्या ऑर्डरी परत केल्या. घरच्या लहान ओव्हनमध्ये एका वेळी बारा नानखटाया बसतात, त्यात वीस किलोचा माल कधी काढायचा? मंडळाच्या सभेत भट्टीचा विषय निघाला तो यामुळे. मुलांनी पिझ्झ्याचे नाव नंतर काढले. तेव्हा काही ज्येष्ठ भगिनींनी नाक मुरडले होते, त्याच आता पहिल्या पंक्तीला असतात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

शेजारच्या वाड्यातून लगेच विचारणा झाली की, मुंबईत भट्ट्या विझताहेत आणि तुम्ही नवी पेटवता? प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना सभेलाच बोलावले. ठरले ते असे. भट्टी रोज पेटणार नाही, महिन्यातून दोनदा आणि दिवाळीत आठ दिवस. लाकूड वर्षभर वाळवलेलेच जाळायचे, कारण ओले लाकूड पाणी आटवण्यातच आपली आग घालवते आणि धूर फार करते. धुराडे आपल्या छपराच्या वर न्यायचे. आणि एकदा तापलेली भट्टी थंडच होऊ नये अशी बांधायची, म्हणजे लाकूड कमी लागेल. ही शेवटची गोष्ट जोत्यावर अवलंबून आहे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले? बेकरीत तीस वर्षे भट्टीपुढे उभे राहिलेले चाचा आपल्या गल्लीत राहतात, त्यांनी. ते म्हणाले, "घुमट कोणीही बांधील, बेटी. उष्णता खालून पळते."

आता कामाकडे वळते.

गवंडी आला आणि म्हणाला, धुण्याच्या दगडाशेजारी लादी आहेच, तिच्यावरच चार थर विटा रचू, दोन दिवसांत मोकळे. खजिनदारबाईंना ते पटले. मी हिशेब मांडला. विटांच्या भिंती दीड टन, वरचा स्लॅब अर्ध्या टनाहून थोडा जास्त, त्यावर भट्टी आणखी एक टन. म्हणजे तीन टन. भरलेला टेम्पो त्या लादीवर जन्मभर उभा करायचा, आणि तोही आपल्या भिवंडीत, जिथे चार महिन्यांत शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला कामवारीचे पाणी कुठवर आले होते ते ज्यांनी पाहिले त्यांना जमिनीवर भरवसा ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावासा वाटतो. खजिनदारबाई गप्प झाल्या, पण पैसे सोडायला त्यांनी आणखी पंधरा दिवस घेतले. खजिनदार अशीच असावी.

जागा निवडताना तोंड कुठे करायचे ते आधी पाहिले. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून तोंड पूर्वेला. वर पत्र्याचे छप्पर, चारी बाजूंनी दोन दोन फूट पुढे काढलेले.

मग उंची. गवंडी म्हणाला, बेचाळीस इंच, सगळीकडे तेवढीच असते. सगळीकडे म्हणजे कुठे? जिथे पुरुष उभे राहतात तिथे. लांब दांड्याची फळी आत सारायची तर भट्टीची फरशी आपल्या कोपराच्या पातळीला हवी. त्याहून उंच असली की खांदे भरून येतात आणि तोंडाशी झळ लागते, खाली असली की कंबर जाते. आम्ही मंडळाच्या भिंतीला पाठ लावून एकेकीला उभे केले आणि कोपराशी गेरूची रेघ ओढली. सतरा रेघा झाल्या. सर्वांत खालची छत्तीस इंचांवर, सर्वांत वरची चाळिसावर. बहुतेकींच्या रेघा सदतीस-अडतीसच्या आसपास. उंच बाईला थोडे वाकता येते, ठेंगणीला उंच होता येत नाही, म्हणून सदतीस धरली.

आणि इथून हिशेब वरून खाली केला. बांधकाम खालून वर जाते, पण माप वरून खाली आले पाहिजे. फरशीची अग्निवीट तीन इंच, तिच्याखाली रेतीचा थर अर्धा इंच, त्याखाली उष्णता अडवणारा थर चार इंच, त्याखाली स्लॅब चार इंच. झाले साडेअकरा. सदतीसातून वजा केले की जमिनीवर भिंत उरते साडेपंचवीस इंच. गवंड्याने आधी भिंत बांधली असती तर वरचे थर चढता चढता फरशी कुठे गेली असती ते तुम्हीच पाहा.

चौथरा पाच फूट लांब, पाच फूट रुंद. दोरी बांधून चौकोन आखला. गवंड्याने गुण्या लावला, मी दोरीने कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन काटकोनात असतो. पाच फुटी चौकोनाचा कर्ण सात फूट आणि जवळजवळ एक इंच येतो. सातवीपर्यंतची भूमिती एवढ्या वर्षांनी उपयोगी पडली! एक कर्ण दीड इंच जास्त भरला, तेव्हा खुंटी सरकवली. गवंडी हसला, पण पुढच्या कामाला त्याने स्वतःच कर्ण मोजले.

खोदाईत वरचा फूटभर भरावाची माती निघाली, खाली मुरूम लागला. मुरूम लागेपर्यंत खणायचेच, हे कोणी कितीही घाई केली तरी सोडू नका. तळ धुम्मसने चांगला ठोकून घेतला, त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. भिंती त्या काँक्रीटवरून, म्हणजे जमिनीखाली नऊ इंचांपासून उचलल्या.

विटांसाठी आम्ही तिघी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेलो. भिवंडीच्या आसपास वीटभट्ट्या पुष्कळ. दिवाळीनंतर त्यांवर कातकरी कुटुंबे येतात, पावसाळा जवळ आला की परत जातात. त्यातली बरीचशी आधी उचल घेऊन आलेली असतात आणि हंगामभर ती फेडीत राहतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे, पण डोक्यावर विटा घेतलेल्या आणि पाठीशी मूल बांधलेल्या बायका पाहिल्या की आपल्या हातातली वीट जड वाटते. त्यांच्यातल्याच एका बाईंनी आम्हाला वीट पारखायला शिकवले. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत वाजली ती पक्की, भद्द वाजली ती कच्ची. नखाने ओरखडा उठता कामा नये. दिवसभर पाण्यात ठेवलेली चांगली वीट स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी पीत नाही, हे मला नंतर आपल्या एका भगिनीच्या इंजिनिअर मुलाने सांगितले. त्या बाईंचे आपटून पाहणे आणि त्याचा काटा यांचा निकाल एकच आला.

तीन बाजूंना नऊ इंची भिंत, पुढची बाजू उघडी. त्या पोकळीत लाकूड कोरडे राहते आणि स्लॅबखाली वारा खेळतो, म्हणून जमिनीची ओल वर चढत नाही. सव्वाचारशे विटा लागतील असा हिशेब निघाला, तुटफूट धरून साडेचारशे मागवल्या, अकरा उरल्या. विटा लावण्यापूर्वी भिजवून घ्या. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. स्लॅबमध्ये सहा सहा इंचांवर दोन्ही दिशांनी सळया, आणि वर दहा दिवस ओली पोती. पोत्यांवर पाणी मारायच्या पाळ्या आपण लावल्या होत्या. उन्हाळ्याची दुपारची पाळी कोणी कोणी चुकवली ते मला माहीत आहे, बोलत नाही.

आता चाचांच्या शब्दावर येते. स्लॅबवर सरळ अग्निवीट मांडली तर काय होते? वीट आणि काँक्रीट दोन्ही घट्ट, उष्णता एकातून दुसऱ्यात उतरते. फरशी लवकर निवते, भाकरी वरून करपते नि खाली कच्ची राहते. शिवाय काँक्रीट तीनशे अंशांच्या वर फार वेळ तापत राहिले की त्याचे बळ कमी होत जाते. तेव्हा मध्ये असे काही हवे की ज्यात हवा अडकून बसली आहे. अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. थंडीत गोधडी अंगावर घेतो ती याचसाठी.

बाजारात त्यासाठी महागाच्या वस्तू मिळतात. आम्ही वाड्याकडच्या भाताच्या गिरणीतून तुसाची राख पोत्यांनी आणली, फुकट. तूस जळून उरलेली ही राख पिसासारखी हलकी असते आणि तिच्या कणाकणात हवा असते. चार घमेली राखेला एक घमेले चिकणमातीचा पातळ रबडा घातला. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण पाणी निथळता कामा नये. लाडवाची परीक्षा गवंड्याला जमेना, आपल्या भगिनींना पहिल्याच मुठीत कळली. कडेने एक वीट उभी लावून कठडा केला, आत हे मिश्रण चार इंच दाबून भरले आणि तीन आठवडे वाळू दिले. ओले राहिले तर सगळे व्यर्थ, कारण पाणी शिरले की हवा गेली. छप्पर आधी आणि राख नंतर, असा क्रम मी धरला होता तो याचसाठी.

त्यावर रेती सपाट करून अग्निविटा मसाल्याशिवाय मांडल्या. तापल्या की त्या फुगतात, त्यांना हलायला जागा लागते. मांडणी चटईच्या विणीसारखी तिरपी ठेवली, म्हणजे फळीची धार सरळ सांध्यात अडकत नाही. घुमट झाल्यावर आठ दिवस रोज थोडी थोडी आग घातली. एकदम जाळ केला तर आतल्या ओलीची वाफ होऊन तडा जातो.

पावसाळा गेला, चौथरा जागचा हललेला नाही. दिवाळीआधी पहिला मोठा जाळ केला, वीस किलो लाकडाचा. चार तासांनी मी वाकून स्लॅबच्या खालच्या बाजूला तळवा लावला. कोमट होता, मांजर पाठीशी बसल्यावर लागतो तेवढा. वर फरशी चारशे अंशांवर होती. त्या उष्णतेवर मुलांचे पिझ्झे दोन-दोन मिनिटांत निघाले. निखारे बाहेर ओढून दार लावले, दोन-तीन तासांनी सव्वादोनशे अंश झाले तेव्हा पाव. चाचा फरशीवर चिमूटभर पीठ टाकून मनात आकडे मोजतात, ते काळे पडले की थांबा म्हणतात, बदामी झाले की हो म्हणतात. रात्री एकशेसत्तरवर नानखटाई, सकाळपर्यंत पत्र्यावर पत्रे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच उबेत आपण शेंगदाणे भाजले. एका जाळावर एवढे सगळे निघाले. त्या भगिनींच्या बावीस किलो नानखटाईची ऑर्डर वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुरी झाली. शेजारच्या वाड्यातल्यांनी धुराची तक्रार केली नाही, चार डबे मात्र मागून नेले.

मापांचा कागद कार्यालयाच्या भिंतीला लावला आहे, गेरूच्या रेघांच्या शेजारीच. ज्यांना घरी लहान भट्टी बांधायची असेल त्यांनी तो उतरवून घ्यावा, पण उंची आपापल्या कोपराची घ्यावी. पुढच्या जाळाचा दिवस पौर्णिमेनंतरचा रविवार आहे. नावे खजिनदारबाईंकडे द्या, आणि आपापली लाकडे आठ दिवस आधी चौथऱ्याखाली आणून ठेवा.